मोजणीदार काम्पीझींना नमस्कार

पोर्तोस्कालोत रविवारी संध्याकाळी जो माणूस समुद्राकाठी फिरायला येत नाही, तो एक तर अंथरुणाला खिळलेला असतो, नाही तर दुखवट्यात असतो, नाही तर त्याच्या हातून असं काही घडलेलं असतं की त्याला तोंड दाखवायची सोय उरलेली नसते. चौथं कारण गाव मान्य करत नाही. मास्त्रू लिबोरिओ गेलं वर्षभर दुखवट्यात होता, त्यामुळे त्याला कुणी काही विचारलं नाही. बायको गेली की नवऱ्याने वर्षभर फिरायला जायचं नाही, हा तिथला रिवाज. लिबोरिओने तो इतका कडक पाळला की शेजारणींनी आपापल्या नवऱ्यांना त्याचा दाखला द्यायला सुरुवात केली. खरी गोष्ट एवढीच होती की त्याला बाहेर पडायची भीती वाटत होती. त्याला दिसत नव्हतं.

अगदीच काळोख होता असं नाही. उजेड कळायचा, रंग कळायचे. समुद्र म्हणजे उजव्या हाताला पसरलेला एक मोठा लकाकता पट्टा, घरं म्हणजे डाव्या हाताची पिवळट ऊब, आणि माणसं म्हणजे या दोन्हींच्या मधून हळूहळू तरंगत येणारे डाग. काळे, करडे, क्वचित निळे. डाग जवळ यायचा, मोठा व्हायचा, त्याला अत्तराचा नाही तर तंबाखूचा वास यायचा, आणि तो निघून जायचा. लिबोरिओला कधी कधी वाटे, आपण जागे नाहीच आहोत, दुपारची झोपच लांबली आहे.

चाळीस वर्षं त्याने गावाच्या दाढ्या केल्या होत्या; मास्त्रू, म्हणजे उस्ताद, हा मान त्यातूनच आला होता. सात वर्षांपूर्वी एका सकाळी नोटरीच्या कानाची पाळी कापली गेली, तेव्हा त्याने वस्तरा पुसून ठेवला आणि हात थरथरतो म्हणून सांगितलं. गावाने विश्वास ठेवला. खरं काय ते फक्त जेसुआल्दाला, त्याच्या बायकोला, ठाऊक होतं. मावसबहिणीकडे जातो असं सांगून दोघं कातानियाला डॉक्टरकडे जाऊन आली. यावर उपाय नाही, असं डॉक्टर म्हणाला. परतीच्या बसमध्ये जेसुआल्दाने पिशवीतून संत्रं काढलं, सोललं, अर्धं त्याच्या हातावर ठेवलं आणि म्हणाली, "अहो, गावाला कशाला सांगायचं? मला दिसतंय ना. दोघांना पुरेल."

आणि खरंच पुरलं. सहा वर्षं दर रविवारी ती त्याच्या दंडात हात घालून निघायची आणि ओठ न हलवता सांगत राहायची: "औषधवाला, डावीकडून, बायकोबरोबर. बायकोने केस कापलेत, कौतुक नका करू, वाईट दिसतंय. मागे नोटरी. आता कोणी नाही, खुशाल चाला." लिबोरिओ त्या त्या दिशेला हॅट उचलायचा. या उचलण्याचे तिथे नियम आहेत. पहिल्या फेरीत हॅट, दुसऱ्या फेरीत मान, तिसऱ्या फेरीत नुसती भुवई पुरते. मात्र पहिल्या फेरीत हॅट उचलली नाही, तर समोरचा घरी जाऊन आठवडाभर विचार करतो की आपलं काय चुकलं. लिबोरिओ कधी कुणाला चुकला नाही. सबंध गावात त्याच्यासारखा रीतीभातीचा माणूस नाही, असं पाद्रीसुद्धा म्हणायचा.

फक्त एका माणसाला तो हॅट उचलत नसे, आणि तो होता त्याचा सख्खा धाकटा भाऊ, बास्तियानो. गावच्या संताची पालखी निघते, तिचा पुढचा उजवा दांडा त्यांच्या घराण्याकडे. बापाच्या खांद्यावरून तो थोरल्याच्या खांद्यावर यायचा. पण बाप गेला त्या वर्षी लिबोरिओ न्यूमोनियाने पडला होता, म्हणून एका वर्षापुरता बास्तियानोने खांदा दिला. पुढच्या वर्षी लिबोरिओ बरा होऊन नवा शर्ट घालून हजर झाला, तर हा दांडा सोडायला तयार नाही. "बसलाय माझ्या खांद्याला," म्हणाला. त्याला आता सत्तावीस वर्षं झाली होती. एका लाकडी दांड्यासाठी दोन भाऊ एकमेकांच्या पोरांच्या बारशालाही गेले नाहीत. माणसं हुशार असली की त्यांचा मूर्खपणाही टिकाऊ असतो.

हॅट उचलायला लागू नये म्हणून डोळे जाण्याआधी लिबोरिओ बास्तियानो दिसला की समुद्राकडे तोंड फिरवायचा. डोळे गेल्यावर त्याने जेसुआल्दाला बजावलं होतं, "तो आला की सांग." ती म्हणाली, "तो कुठला येतोय आता. गुडघे धरलेत म्हणे. घरीच असतो." लिबोरिओला त्याचं जरा वाईट वाटलं होतं, पण तसं तो बोलला नाही.

त्याऐवजी गावात एक नवीन माणूस आला होता. मोजणीदार काम्पीझी. सरकारी जमीनमोजणीसाठी आलेला, एकटा, अबोल. जुन्या धक्क्यापाशी पोचलं की जेसुआल्दा सांगायची, "मोजणीदार काम्पीझी, समोरून." लिबोरिओला एक पांढरा डाग दिसायचा, उंच, संथ. तो हॅट उचलायचा, आणि पांढरा डागही किंचित हलायचा. "त्यांनी पण काढली," ती सांगायची. काम्पीझीला दमा आहे, तो रविवारी एकटाच जेवतो, त्याला पत्रं येत नाहीत, हे सगळं तिच्याचकडून कळलेलं. लिबोरिओला त्याच्याबद्दल माया वाटू लागली होती. "एकदा बोलाव ना त्याला जेवायला," तो म्हणे. ती म्हणे, "बुजरा आहे हो. हॅट उचलता तेवढी पुरे आहे त्याला."

आता जेसुआल्दाच्या वर्षश्राद्धाच्या प्रार्थनेला मुलगी आली होती, तोरिनोहून, दोन दिवस गाडीत बसून. तिचं नाव मिम्मा. नवरा तिकडे कारखान्यात होता. आठवडाभरात तिने बापाला कॉफीत मीठ घालताना पाहिलं, दाराच्या चौकटीला "माफ करा" म्हणताना ऐकलं, आणि शुक्रवारी रात्री जेवताना सरळ विषय काढला.

"बाबा, तुम्हाला एकट्याला जमत नाहीये. मंगळवारी माझ्याबरोबर चला."

"तोरिनोत समुद्र कुठे आहे?"

"समुद्रात तुम्ही काय पोहायला जाता?"

"मला जमतंय सगळं," लिबोरिओ म्हणाला. "रविवारी बघ. वर्ष संपलंय. देवळापासून जुन्या धक्क्यापर्यंत चालेन, एकूण एक माणसाला हॅट उचलेन. एक जरी चुकला, तर तू म्हणशील तिथे येईन."

मिम्मा त्याचीच मुलगी होती. "ठरलं," म्हणाली.

म्हणून रविवारी पाच वाजता तो देवळाच्या पायऱ्यांपाशी उभा होता. काळा कोट, घासलेले बूट, डोक्यावर हॅट, दंडात मुलीचा हात. ऑक्टोबर होता, हवा कोमट होती. भाजलेल्या फुटाण्यांचा वास येत होता आणि त्यामागून खाऱ्या लाकडाचा. सगळा रस्ता मंद गुणगुणत होता, शेकडो बुटांचे तळवे दगडी फरशीवर घासत होते, कुणालाच कुठेच पोचायचं नव्हतं. लिबोरिओ पहिलं पाऊल टाकताना जवळजवळ विसरला की तो परीक्षेला बसला आहे. त्याच्या मनात आलं, तोरिनोत माणसं रविवारी काय करत असतील. घरात बसून वाट पाहत असतील सोमवारची.

त्याने रात्रभर विचार करून युक्ती काढली होती. दिसेल त्या प्रत्येक डागाला हॅट उचलायची. जास्तीची झाली तर झाली. पहिला डाग आला, उचलली. "शुभ संध्याकाळ, मास्त्रू लिबोरिओ, फार दिवसांनी," औषधवाल्याचा आवाज. दोन डाग आले, उचलली. हलवायाच्या अंगाला जळक्या साखरेचा वास असतो, त्याला तर नावानिशी बोलला. मधेच मिम्मालाच बोलतं केलं: "ती बघ, कोण ग ती येतेय, सुटलीय नाही जरा?"

"नोटरीची बायको. आणि सुटलेली नाही, वाळलीय."

"तेच म्हणतो मी," लिबोरिओ म्हणाला आणि हॅट उचलली.

मासळीबाजाराच्या कोपऱ्यावर एक काळा, उंच, शांत डाग उभा होता. त्याला त्याने चांगली खाली वाकून हॅट उचलली.

"बाबा, तो दिव्याचा खांब आहे."

"ठाऊक आहे मला," तो जराही न अडखळता म्हणाला. "इथे नोफ्रिओ उभा राहायचा, दोऱ्या विकणारा. गेला बिचारा. त्याच्या आठवणीला."

मिम्माचा हात त्याच्या दंडावर थोडा जड झाला. लिबोरिओने पावलं आणखी संथ केली. घरांच्या मागे डोंगराआड सूर्य गेला होता आणि समुद्राचा पट्टा लकाकायचा थांबून मोत्याच्या रंगाचा झाला होता. होड्या, पाणी, आभाळ सगळं त्याच्यापुरतं एक झालं होतं. त्याला वाटलं, आपल्या दंडात दोन हात आहेत, एक मिम्माचा आणि एक दुसरा. दुसरा हात हलका होता आणि त्याला काही सिद्ध करून दाखवायचं नव्हतं. तो त्या हाताबरोबर बराच वेळ चालला. मधल्या काळात चार-पाच वेळा हॅट उचलली गेली असावी, कुणाकुणाला ते त्याने मोजलं नाही. सगळे परत "शुभ संध्याकाळ" म्हणाले एवढं खरं.

जुना धक्का जवळ आला तसं त्याला काम्पीझीची आठवण झाली. वर्षभर त्या माणसाला कुणी हॅट उचलली असेल का, कोण जाणे.

"मोजणीदार दिसतायत का ग कुठे?"

"कोण मोजणीदार?"

"तुला नाही माहीत. तू गेल्यावर आले ते."

"इथे कुणी मोजणीदार-बिजणीदार नाही," मिम्मा म्हणाली, आणि मग एकदम आवाज खाली आणला, लहानपणी आणायची तसा. "बाबा, काका आहेत. बास्तियानो काका. समोरून येतायत."

लिबोरिओ दचकला. म्हणजे गुडघे बरे झाले वाटतं. पण विचार करायला वेळ नव्हता, आणि गरजही नव्हती. सत्तावीस वर्षांची सवय मानेतच मुरलेली होती. त्याने तोंड समुद्राकडे फिरवलं, हॅट डोक्यावर घट्ट, आणि दहा पावलं तसाच चालत गेला. बाजूने कुणीतरी गेलं. मग त्या कुणाचे तरी बूट थांबले.

"लिबो."

या नावाने त्याला हाक मारणारा जगात आता एकच माणूस उरला होता. आवाज म्हातारा झाला होता, पण हाक तीच होती, भिंतीपलीकडून खेळायला बोलवायची.

"माझं काय चुकलं ते सांग आणि मग जा," बास्तियानो म्हणाला. "सहा वर्षं दर रविवारी मला हॅट काढत होतास. मीही टोपी काढत होतो. बोललो नाही, मला घाई नव्हती. म्हटलं, या वेगाने सत्तराव्या वर्षी हा मला 'कसा आहेस' विचारेल. वहिनी गेली, तू यायचा थांबलास, ते समजलं. आज वर्ष झालं म्हणून कोटाला इस्त्री करून साडेचारपासून इथे उभा आहे मी. आणि तू तोंड फिरवतोस. सगळ्या गावादेखत."

आजूबाजूच्या बुटांचा आवाज मंदावला होता. थांबलं कुणी नव्हतं, पण सगळे फार सावकाश चालत होते.

"कोट," लिबोरिओ म्हणाला. "कुठला कोट?"

"कुठला म्हणजे? पांढरा. माझ्याकडे दुसरा आहे कधी?"

लिबोरिओने मान वळवली. आवाज आला त्या बाजूला खरोखरच एक पांढरं काहीतरी होतं, उंच, संथ. गावात कुठलाही मोजणीदार कधीही आलेला नव्हता. दमा नव्हता, न येणारी पत्रं नव्हती. ती बाई त्याच्या दंडात हात घालून, ओठ न हलवता, सहा वर्षं दर रविवारी बेलाशक खोटं बोलली होती. त्याला पहिल्यांदा राग आला. मग तिने दम्याची भर घातली होती हे आठवून हसू आलं, आणि हसू येताच तिची इतकी आठवण आली की वर्षभरात कधी आली नव्हती. तिथे रस्त्यात, गावासमोर, त्याला रडू आवरायला कष्ट पडले.

"ऊन होतं डोळ्यावर," तो म्हणाला.

"ऊन केव्हाच डोंगरामागे गेलं."

मिम्माचा हात त्याच्या दंडावर निश्चल झाला. लिबोरिओला कळलं, अजून एक दार उघडं आहे. 'वहिनीच्या आठवणीने भान नव्हतं रे,' एवढं म्हटलं की झालं. बास्तियानो समाधानाने घरी जाईल, मिम्मा एकटी गाडीत बसेल, आणि पुढच्या रविवारी तो पुन्हा या रस्त्यावर असेल. ते वाक्य त्याच्या जिभेवर आलंही होतं. पण साडेचारपासून उभं राहिलेल्या माणसाला आणखी एक खोटी हॅट द्यायची त्याला लाज वाटली. तिने दिल्या त्या दिल्या. तिचं वेगळं होतं.

"बास्तिया," तो म्हणाला, "मी तुला एकदाही हॅट काढली नाही. मला दिसत नाही. सात वर्षं झाली, कुणाचंच तोंड दिसत नाही. ती सांगायची त्या दिशेला मी हॅट उचलायचो, आणि तुझ्या वेळेला ती तू आहेस हे सांगायची नाही. दुसरंच नाव सांगायची. मला माहीत असतं तर मी काढली नसती."

शेजारी मिम्मा हळू, खोल श्वास घेत होती, आणि लिबोरिओच्या डोळ्यांसमोर तोरिनो उभं राहिलं, जसं त्याला आजकाल सगळं दिसायचं तसं, करडं, कडा नसलेलं. तो वाट बघत राहिला. पांढरं काहीतरी आता नव्हतं तिथे. दिवे लागायला सुरुवात झाली होती, इकडेतिकडे पिवळे गोळे फुटत होते, आणि त्यांच्यात भाऊ हरवला होता. गेला असेल. सहा वर्षं ज्याने जपून ठेवली ती वस्तू खोटी निघाली, तर माणूस जाणारच. लिबोरिओला वाटलं, आपणही गेलो असतो.

तरी त्याने हॅट काढली. नुसती उचलली नाही. पूर्ण काढली, छातीशी धरली, आणि आवाज आला होता त्या बाजूला मान लववली.

"ही माझी आहे," तो म्हणाला. "आजची."

मग डाव्या हाताला, तो उभा होता त्यापासून बऱ्याच बाजूला, फरशीवर बूट वाजले. एक पाऊल. दुसरं. दुखऱ्या गुडघ्याचं, अर्धवट ओढलेलं तिसरं. ती पावलं बरोबर त्याच्या समोर येऊन थांबली, ज्या रिकाम्या जागेला त्याने हॅट काढली होती तिथे, आणि त्याच्या चेहऱ्याला कुणाचा तरी श्वास लागला, लसणाचा आणि स्वस्त वाइनचा, लहानपणीच्या घरातला.

मग मिम्माने बापाच्या दंडातून हात काढून घेतला.

"मी मंगळवारी एकटीच जातेय, काका," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी यांना न्यायला किती वाजता याल?"